चौतीस लेणी आणि एक चाळणी

तुमच्यापैकी बरेच जण वेरूळला जाऊन आले असतील. सहलीची गाडी थांबते, सगळे धावत कैलास लेण्याकडे जातात, दगडी हत्तीजवळ फोटो काढतात, घृष्णेश्वराचं दर्शन घेतात, डबे खातात आणि परत निघतात. घरी कुणी विचारलं, "काय काय पाहिलं रे?" तर उत्तर तयार असतं, "कैलास!" उत्तर चुकीचं नाही. पण वेरूळला लेणी आहेत चौतीस. म्हणजे उरलेली तेहतीस पाहायची राहूनच गेली!

आज मी तुम्हाला त्या चौतीसही लेण्यांवरून नेणार आहे, पण जरा वेगळ्या वाटेनं. सोबत पाण्याची बाटली घ्या, डोक्याला टोपी घ्या, एक विजेरी घ्या. आणि हो, वही-पेन्सिल विसरू नका. कॅमेरा नसला तरी चालेल. वही मात्र हवीच. कारण आपण लेणी मोजत मोजत पाहणार आहोत, आणि मोजता मोजता आपल्याला मूळ संख्या भेटणार आहेत. त्याच त्या, गणिताच्या पुस्तकातल्या. पण इथे त्या डोंगरात भेटतात.

वेरूळचा डोंगर

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ साधारण ३० किलोमीटर आहे. वाटेत देवगिरीचा किल्ला लागतो, मग खुलताबाद. तिथून घाट उतरला की आलं वेरूळ. हे गाव शिवाजी महाराजांच्या आजोबांचं, मालोजीराजे भोसल्यांचं. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, घृष्णेश्वर, याच गावात आहे. त्या देवळाचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला.

लेणी आहेत गावाशेजारच्या डोंगराच्या कड्यात. काळा, टणक बेसाल्ट खडक. लाव्हारस थंड होऊन तयार झालेला. सुमारे दोन किलोमीटर लांबीच्या कड्यात एकापाठोपाठ एक लेणी कोरलेली आहेत. त्यांची तोंडं पश्चिमेकडे आहेत. त्यामुळे सकाळी दारात सावली असते आणि दुपार कलली की ऊन आत शिरतं. मूर्ती नीट पाहायच्या तर ती वेळ चांगली.

दक्षिणेच्या टोकापासून उत्तरेकडे चालत गेलं की लेण्यांचे क्रमांक १ पासून ३४ पर्यंत वाढत जातात. हे क्रमांक पुष्कळ नंतरचे. ज्यांनी लेणी कोरली त्यांनी काही दारावर आकडे घातले नव्हते! त्यामुळे लेणे क्रमांक १ सगळ्यांत आधी आणि ३४ सगळ्यांत शेवटी कोरलं, असं मात्र समजू नका. साधारण सहाव्या ते दहाव्या शतकांच्या काळात ही लेणी होत गेली. क्रमांक १ ते १२ बौद्ध लेणी आहेत, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. म्हणजे १२, १७ आणि ५. बेरीज करून पाहा, ३४ येते की नाही? तीन धर्मांची लेणी एकाच डोंगरात, एकमेकांना लागून. १९८३ साली युनेस्कोनं या लेण्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

आता वही उघडा आणि १ पासून ३४ पर्यंतचे आकडे एका ओळीत लिहून काढा. हा झाला आपला नकाशा.

चालता चालता चाळणी

आधी दोन शब्द पक्के करून घेऊ. १२ ला ज्या ज्या संख्यांनी पूर्ण भाग जातो, बाकी शून्य उरते, त्या संख्या १२ च्या विभाजक. त्या आहेत १, २, ३, ४, ६ आणि १२. आणि विभाज्य म्हणजे काय? तर पाढा! २, ४, ६, ८, १०... हे सगळे २ चे विभाज्य. विभाजक मोजके असतात, ते कुठेतरी संपतात. विभाज्य मात्र संपतच नाहीत. पाढा आपण दहापर्यंत म्हणून थांबतो, कारण आपल्याला जेवायला जायचं असतं. पाढा काही थांबत नाही.

ज्या संख्येला बरोबर दोनच विभाजक असतात, १ आणि ती स्वतः, ती मूळ संख्या. दोनपेक्षा जास्त विभाजक असतील तर ती संयुक्त संख्या.

आता चालायला लागू. नियम असा, की ज्या लेण्यापाशी पोहोचाल त्याचा क्रमांक वहीत खोडलेला नसेल तर त्याच्याभोवती गोल करा आणि त्याच्या पाढ्यातले पुढचे सगळे आकडे खोडून टाका. क्रमांक आधीच खोडलेला असेल तर लेणं पाहा आणि पुढे चला.

लेणे क्रमांक १. एकचा विभाजक एकच, तो म्हणजे १. मूळ संख्येला दोन लागतात, संयुक्त संख्येला दोनपेक्षा जास्त. म्हणून १ ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही. तिला गोल नको, तिचा पाढाही खोडायचा नाही. (खोडला तर सगळी वहीच खोडून होईल!) तिला चौकट करा आणि पुढे चला.

लेणे क्रमांक २. गोल करा. आता ४, ६, ८ असं करत थेट ३४ पर्यंत खोडा. एका फटक्यात सोळा आकडे गेले!

लेणे क्रमांक ३. खोडलेलं नाही, तेव्हा गोल करा. तीनच्या पाढ्यातले ६, १२, १८, २४, ३० आधीच गेलेले आहेत. नव्यानं खोडायचे ते ९, १५, २१, २७ आणि ३३.

चौथं लेणं खोडलेलं. पाहून पुढे.

लेणे क्रमांक ५. हा लांबलचक दगडी दिवाणखाना आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि मधोमध दोन ठेंगणे, लांब दगडी बाक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आपल्या शाळेत पोषण आहाराच्या वेळी आपण समोरासमोर पंगती करून बसतो ना, अगदी तसं वाटतं. इथे पाचला गोल करा आणि पाचचा पाढा म्हणा. १०, १५, २० आणि ३० आधीच गेलेले. नवा खोडायचा फक्त एक, २५.

सहावं खोडलेलं. लेणे क्रमांक ७, गोल करा. सातचा पाढा म्हणा. चौदा, एकवीस, अठ्ठावीस. अरेच्चा! सगळेच आधी खोडलेले! असं का झालं असेल? थोडं थांबा, सावलीत उभे राहा आणि विचार करा.

चौदा म्हणजे ७ × २, तो दोननं खोडला. एकवीस म्हणजे ७ × ३, तो तीननं खोडला. अठ्ठावीस म्हणजे ७ × ४, तोही दोननंच खोडला. सातला सातपेक्षा लहान संख्येनं गुणलं की येणारी संख्या त्या लहान संख्येच्या पाढ्यात, किंवा तिच्याही एखाद्या लहान विभाजकाच्या पाढ्यात, आधीच सापडलेली असते. सातला पहिला नवा आकडा मिळणार तो ७ × ७, म्हणजे ४९. आणि लेणी तर ३४ लाच संपतात! म्हणजे सातला काही कामच उरलं नाही. अकराला, तेराला तर नाहीच नाही.

खरं म्हणजे आपलं खोडण्याचं काम पाचव्या लेण्यापाशीच संपलं होतं. आता वहीत न खोडलेले आकडे पाहा. २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१. मोजा, अकरा भरले? तुम्ही अजून सातव्या लेण्यापाशी आहात, एकतिसावं लेणं इथून दिसतही नाही. तरीपण ३१ ही मूळ संख्या आहे, हे तुम्ही इथूनच छातीठोकपणे सांगू शकता.

या युक्तीला 'इरॅटोस्थेनिसची चाळणी' म्हणतात. इरॅटोस्थेनिस हा सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीचा ग्रीक विद्वान. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरातल्या प्रसिद्ध ग्रंथालयाचा तो प्रमुख होता. सावल्या मोजून पृथ्वीचा घेर किती असावा याचा अंदाज त्यानं बांधला होता. पीठ चाळताना कोंडा वर राहतो आणि पीठ खाली पडतं. या चाळणीत संयुक्त संख्या खाली पडतात आणि मूळ संख्या वर राहतात. वेरूळची लेणी कोरायला सुरुवात झाली, तेव्हासुद्धा ही चाळणी कितीतरी शतकं जुनी झालेली होती.

आठ-आठ खांबांच्या ओळी

दहावं लेणं खोडलेलं असलं तरी तिथे जरा जास्त वेळ थांबा. वेरूळच्या बौद्ध लेण्यांपैकी चैत्यगृह एवढं एकच. लोक त्याला विश्वकर्मा लेणं किंवा सुताराचं लेणं म्हणतात. आत गेलात की का ते कळेल. छताला लाकडी फासळ्या लावाव्यात तशा कमानदार फासळ्या आहेत, पण त्या लाकडाच्या नाहीत, अखंड दगडातून कोरलेल्या आहेत!

अकराव्या लेण्याला 'दोन ताल' म्हणतात, म्हणजे दोन मजली. मजले मोजा बरं. तीन भरतात! त्याचा सगळ्यांत खालचा मजला मातीनं बुजलेला होता. १८७६ साली माती काढल्यावर तो उघडा झाला, पण नाव मात्र 'दोन ताल'च राहिलं. म्हणून म्हणते, कुणी सांगितलेला आकडा वहीत उतरवण्याआधी आपण स्वतः मोजून पाहावं.

आणि आता बारावं लेणं, 'तीन ताल'. हे मात्र खरोखरच तीन मजली आहे. बाहेरून पाहिलं तर एखादी सरकारी कचेरी वाटावी इतकं साधं. पुढच्या बाजूला आठ चौकोनी खांब. आत शिरलं की त्यांच्या मागे आठ खांबांची दुसरी ओळ, तिच्या मागे तिसरी. आठ त्रिक चोवीस. (गाभाऱ्याच्या बाजूला आणखी खांब आहेत ते वेगळे.) जिना चढून सगळ्यांत वरच्या मजल्यावर जा. तिथे आठ-आठ खांबांच्या पाच ओळी आहेत. आठी पंचे चाळीस. शिवाय गाभाऱ्यापुढच्या दालनाशी दोन. एकूण ४२.

२४ चे विभाजक लिहा. १, २, ३, ४, ६, ८, १२, २४. आता ४० चे लिहा. १, २, ४, ५, ८, १०, २०, ४०. दोन्ही यादींत असलेला सगळ्यांत मोठा विभाजक कोणता? आठ! गणिताच्या पुस्तकात ज्याला मसावि म्हणतात तो हाच. महत्तम सामाईक विभाजक. इथे तो फळ्यावर नाही, तर लेण्याच्या दर्शनी भागात आठ खांबांच्या रूपानं उभा आहे.

पण ओळीत आठच खांब का? सात का नाहीत, नऊ का नाहीत? त्याचंही उत्तर तिथेच मिळतं. पहिल्या ओळीच्या मधोमध उभे राहा आणि सरळ समोर पाहा. थेट गाभारा दिसतो. डावीकडे चार खांब, उजवीकडे चार आणि मध्ये मोकळी वाट. एका ओळीत सात खांब सारख्या अंतरावर उभे केले असते तर चौथा खांब बरोबर मध्ये, बुद्धमूर्तीच्या आड आला असता. म्हणून ओळीतले खांब सम संख्येत हवेत. दोननं भाग जाणारे. आणि गाभाऱ्यापुढच्या दालनाशी किती खांब आहेत म्हणालो होतो आपण? दोन. सगळ्या मूळ संख्यांमध्ये सम संख्या ही एकटीच!

आणखी एक. ४२ म्हणजे ६ × ७ सुद्धा होतात. पण इथे सहा-सहाच्या सात ओळी नाहीत. इथे आठ-आठच्या पाच ओळी आणि वर दोन आहेत. विभाजक काढले की मांडणी कोणकोणत्या प्रकारे करता येईल ते कळतं. ती कशी केली आहे, ते पाहायला मात्र लेण्यातच जावं लागतं.

सदतीस मुलं

याच वरच्या मजल्यावर आमच्या पाचवीच्या वर्गाची एक गंमत झाली, ती सांगते.

वर्गात ३६ मुलं होती. सहल ठरली तेव्हाच मुलांनी गट पाडून ठेवले होते, सहा-सहाचे सहा गट. छत्तीस म्हणजे मोठी गुणी संख्या! तिला नऊ विभाजक. १, २, ३, ४, ६, ९, १२, १८ आणि ३६. हवे तसे गट पाडा. आमचे नियम दोनच होते. सगळे गट सारखे हवेत, आणि अंधाऱ्या लेण्यात कुणीही एकटं राहायचं नाही.

सहलीच्या आठ दिवस आधी वर्गात एक नवी मुलगी आली. तिचे आईवडील गावाजवळच्या वीटभट्टीवर कामाला आले होते. झाले सदतीस! मुलांनी वह्या काढल्या. दोननं भाग जात नाही, एकक स्थानी सात आहे. तीननं जात नाही, ३ आणि ७ ची बेरीज दहा. पाचनं जात नाही, शेवटी शून्य किंवा पाच नाही. सात साते एकोणपन्नास, म्हणजे सातपर्यंत जायलाच नको. सदतीस ही मूळ संख्या! तिचे सारखे गट पडायचे तर एकच, सगळ्यांचा मिळून. नाहीतर एकेकट्याचे सदतीस.

"बाई, छत्तीस किती छान होते," एक मुलगा म्हणाला. दुसरा म्हणाला, "हिला तुमच्याबरोबर ठेवा ना. म्हणजे आमचे गट तसेच राहतील." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तो बाकी कुठे ठेवायची ते सांगत होता. पण ती मुलगी खाली मान घालून बाकाची कड नखानं खरवडत होती. आपण वर्गात आलो आणि सगळ्यांचं गणित बिघडलं, असंच तिला वाटत असणार.

मी मुद्दामच काही बोलले नाही. फळ्यावर ३७ लिहून ठेवले आणि म्हटलं, "एक दिवस आहे. नियम तेच. सारखे गट, आणि एकटं कुणी नाही. सुचवा."

दुसऱ्या दिवशी नाना उत्तरं आली. कुणी म्हणे एक गट सातचा करा. पण मग गट सारखे कुठे राहिले? कुणी म्हणे कुणीतरी घरी राहा. कोण राहणार? शेवटी तीच मुलगी हळूच म्हणाली, "बाई, मोठी माणसंबी मोजायची की. तुमी, सर आन् शिपाईमामा. तीन हायेत ना? मग चाळीस व्हत्यात. आमी भट्टीवर विटा अशाच लावतो, आठ लांब आन् पाच उंच."

वर्ग एकदम शांत झाला आणि मग सगळ्यांनी एकच गलका केला. ३७ + ३ = ४०! पाच-पाचचे आठ गट पडले. तीन गटांत एकेक मोठं माणूस आणि चार मुलं, बाकीच्या पाच गटांत मुलंच. आदल्या दिवशी "हिला तुमच्याबरोबर ठेवा" म्हणणारा मुलगा म्हणाला, "बाई, तिला आमच्या गटात द्या." अजून दोन गटांनी तीच मागणी केली. मग चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या!

सहलीच्या दिवशी आम्ही तीन तालच्या वरच्या मजल्यावर पोहोचलो. खांब मोजून झाले, आठ-आठच्या पाच ओळी. आणि कुणाच्या तरी लक्षात आलं, "बाई, चाळीस! आपणही चाळीसच!" पुढून मागे पाहिलं तर पाच-पाच खांबांच्या आठ रांगा. एका रांगेला एक गट. मुलं आपापल्या खांबाशेजारी जाऊन उभी राहिली, हात न लावता. शिपाईमामा एका खांबाशी, सर दुसऱ्या, मी तिसऱ्या. एकही खांब रिकामा नाही आणि एकही माणूस खांबाविना नाही. कुणी काही बोलत नव्हतं. ती मुलगी तिच्या रांगेत पुढून तिसरी उभी होती, आणि अगदी ताठ उभी होती.

मग गाभाऱ्याकडे वळलो. मागच्या भिंतीवर गाभाऱ्याच्या दाराच्या एका बाजूला सात बुद्ध ओळीनं बसलेले आहेत, दुसऱ्या बाजूला सात. एका ओळीत डोक्यांवर झाडांची पानं आहेत, दुसऱ्या ओळीत छत्रं. सात ही मूळ संख्या. तिच्या दोन सारख्या ओळी होत नाहीत, तीनही होत नाहीत. सात जण एकाच ओळीत, एकमेकांच्या शेजारी बसतात. एका मुलानं ते पाहिलं आणि म्हणाला, "बाई, म्हणजे मूळ संख्या तुटत नाही."

मला त्याचं म्हणणं फार आवडलं. संयुक्त संख्या बिचाऱ्या गुणीच. त्यांचे गट पडतात, ओळी होतात, वाटण्या होतात. पण म्हणून मूळ संख्येत काही उणं असतं असं नाही. उलट सगळ्या संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारातूनच तयार होतात. १२ म्हणजे २ × २ × ३. ४० म्हणजे २ × २ × २ × ५. भट्टीतली वीट जशी, तशी मूळ संख्या. विटेचे आणखी तुकडे करायचे नसतात. विटांची भिंत करायची असते.

कैलासापाशी एक कसोटी

आता आलो सोळाव्या लेण्यापाशी. हेच तुमचं आवडतं कैलास लेणं. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात ते कोरलं गेलं. आधी कळस, मग पाया! वरून खाली खडक फोडत फोडत अख्खं देऊळ मोकळं केलं. देवळाच्या सभामंडपात जा. सोळा खांब आहेत, चार-चारचे चार गट. चार कोपऱ्यांत चार गट आणि मध्ये फुलीसारख्या वाटा. १६ चे विभाजक १, २, ४, ८, १६. पाच, म्हणजे विषम! २४ चे आठ होते, ४० चे आठ. मग इथे विषम कसे? विभाजक जोडीजोडीनं येतात. १ ची जोडी १६ शी, २ ची ८ शी. पण ४ ची जोडी ४ शीच. ती एकदाच मोजायची. वर्गसंख्यांचं असंच असतं. मघाच्या ३६ चेही नऊ होते, आठवतं?

बाहेर येऊन मागचा कडा पाहा. मान दुखेल इतका उंच. त्याची उंची सुमारे १०७ फूट सांगतात. १०७ ही मूळ संख्या आहे का? आता एवढी मोठी चाळणी करत बसायची गरज नाही. जोड्यांची युक्ती वापरू. १०७ ला दोन विभाजकांच्या जोडीत फोडता आलं, तर त्यातला एक तरी ११ पेक्षा लहान असणारच, कारण ११ × ११ = १२१, म्हणजे १०७ च्या पुढे. तेव्हा ११ च्या खालच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. दोन नाही, संख्या विषम आहे. तीन नाही, अंकांची बेरीज ८. पाच नाही. सात? सात पंधरे एकशे पाच, बाकी दोन. संपलं! १०७ मूळ आहे. फक्त चार भागाकार केले आणि काम झालं.

जोडमूळ संख्यांमधली लेणी

कैलासाच्या पुढे गर्दी एकदम कमी होते. बरेच जण इथूनच परत फिरतात. तुम्ही फिरू नका. डोंगराच्या कडेनं उत्तरेकडे गेलात की एकोणतिसावं लेणं येतं, धुमार लेणं. भलंमोठं, खांबही दणकट. शेजारी येळगंगेचा धबधबा. पावसाळ्यात त्याचा आवाज आतपर्यंत येतो. त्याच्याही पुढे जैन लेणी. तिसाव्या लेण्याला छोटा कैलास म्हणतात, आणि बत्तिसाव्याला, इंद्रसभेला, जरूर जा. तिथलं कोरीवकाम इतकं नाजूक आहे की दगड आहे हे विसरायला होतं.

वहीत पाहा. २९ ला गोल आहे, ३१ लाही गोल आहे. मध्ये फक्त ३०. अशा दोननंच अंतर असलेल्या मूळ संख्यांना जोडमूळ संख्या म्हणतात. आपल्या ३४ लेण्यांत अशा किती जोड्या आहेत? ३ आणि ५, ५ आणि ७, ११ आणि १३, १७ आणि १९, २९ आणि ३१. पहिली जोडी सोडा. बाकीच्या जोड्यांच्या मधले आकडे लिहा. ६, १२, १८, ३०. काही दिसलं का? सगळे सहाच्या पाढ्यातले!

हा योगायोग नाही बरं का. मधली संख्या दोन विषम संख्यांच्या मध्ये आहे, म्हणजे ती सम. आणि लागोपाठच्या कोणत्याही तीन संख्यांपैकी एक तीनच्या पाढ्यातली असतेच. बाजूच्या दोघी तीनपेक्षा मोठ्या मूळ संख्या, म्हणजे त्या नाहीत. राहिली मधलीच! दोननंही भाग जातो, तीननंही जातो, म्हणजे सहानं जातो. तीन ताल (१२) आणि छोटा कैलास (३०) ही दोन्ही लेणी अशी जोडमूळ संख्यांच्या मध्ये आहेत.

अशा जोड्या पुढे कधी संपतात का? मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे युक्लिड नावाच्या ग्रीक गणितज्ञानं दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केलं. पण जोडमूळ संख्याही अनंत आहेत का, हे आजपर्यंत कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी करील का?

तर मग, वेरूळला केव्हा निघता? एक लक्षात ठेवा, मंगळवारी लेणी बंद असतात. मूर्तींना आणि खांबांना हात लावू नका, भिंतींवर नावं कोरू नका. लिहायचं ते वहीत लिहा.

आणि जायला जमलं नाही तरी एक काम आजच करा. तुमच्या वर्गाचा पट किती, ते बाईंना किंवा गुरुजींना विचारा आणि त्या संख्येचे सगळे विभाजक काढा. मूळ संख्या निघाली, तर तुमच्या वर्गात सारखे गट पाडताना कुणीतरी नेहमी उरत असणार. कोण उरतं, ते नीट पाहा. मग आणखी कुणाकुणाला मोजायचं राहिलं आहे, तेही पाहा.